वाचकांचे प्रश्न : यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या रिपोर्टातला ‘सहा’

यकृताच्या कर्करोगावरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात. रक्ताच्या साध्या रिपोर्टातून दाहाचा आकडा काढता येतो आणि त्यावरून ऑपरेशननंतर माणूस किती जगेल हे कळते, असे लोकांच्या कानावर आले आहे. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातले शेतकरी. बाबांचे वय ५८. त्यांना हिपॅटायटिस बी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली आणि ४ नोव्हेंबरला नागपूरला ऑपरेशन करून गाठीसह यकृताचा भाग काढला. १२ तारखेच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १३ आले. माझ्या पुतण्याने मोबाइलवर पाहून सांगितले की ७८ ला १३ ने भागले की ६ येतात, आणि हा आकडा ५ च्या वर गेला की यकृताच्या कॅन्सरचा माणूस फार दिवस काढत नाही. तेव्हापासून घरात कोणाला अन्न गोड लागत नाही. आई म्हणते, धाकटीचे लग्न याच उन्हाळ्यात उरकून घ्या. दोन एकर विकण्याची बोलणी सुरू झाली आहेत. बाबांना कोणी काही सांगितले नाही, पण ते समजून चुकले असावेत. हा आकडा खरा धरायचा का? फाइलच्या झेरॉक्स सोबत आहेत.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्स मी तारखांप्रमाणे लावून पाहिल्या. ज्या रिपोर्टावरून ६ हा आकडा निघाला तो १२ नोव्हेंबरचा, म्हणजे ऑपरेशननंतरच्या आठव्या दिवसाचा आहे. पोट उघडून यकृताचा भाग काढल्यावर शरीरात दाह उसळतोच. त्या काळात न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि पूर्ववत व्हायला त्यांना काही आठवडेही लागू शकतात. तुमच्या पुतण्याने वाचलेली ५ ची मर्यादा ज्या प्रकारच्या अभ्यासांतून आली आहे, त्यांत बहुतेक ठिकाणी ऑपरेशनच्या आधी घेतलेले रक्त मोजलेले असते. असा रिपोर्ट तुमच्याच फाइलमध्ये आहे. भूल देण्यापूर्वीच्या तपासणीचा तो कागद ३१ ऑक्टोबरचा असून त्यात न्यूट्रोफिल ६३ आणि लिम्फोसाइट २६ आहेत. भागाकार २.४ येतो. तुमच्या घरात जे रडणे चालले आहे ते चुकीच्या तारखेच्या कागदावरून चालले आहे, हे आज संध्याकाळीच घरी सांगा आणि बाबांच्या समोर सांगा.

मात्र ६ खोटा ठरला म्हणून २.४ ला अभयपत्र समजू नका. या भागाकारात काय मोजले जाते ते समजले, तर पुढच्या रिपोर्टाने तुम्ही असे हादरणार नाही. जखम झाली, जंतू शिरले किंवा पेशी मरू लागल्या की शरीर जो प्रतिसाद देते त्याला दाह म्हणतात. न्यूट्रोफिल ही त्या प्रतिसादाच्या पहिल्या फळीतली पांढरी पेशी आहे. लिम्फोसाइट ही शत्रूची ओळख ठेवणारी आणि कर्करोगाच्या पेशींनाही हुडकून मारू शकणारी पेशी आहे. कर्करोगाच्या गाठीतही दाह असतो, हे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्को यांनी १८६३ मध्येच गाठींत पांढऱ्या पेशी पाहून नोंदवले होते. यकृताच्या कर्करोगात तर ही सांगड फारच घट्ट आहे, कारण हा रोग बहुतेक वेळा वर्षानुवर्षे सुजलेल्या यकृतात उगवतो : कोणाला हिपॅटायटिस बी किंवा सी, कोणाला दारू, कोणाला चरबी साचलेले यकृत, तर कुठे बुरशी धरलेल्या शेंगदाण्यातले व मक्यातले अफ्लाटॉक्सिन. गाठीतून आणि तिच्या शेजारच्या पेशींतून इंटरल्यूकिन-६ सारखे संदेश सुटतात, त्यामुळे न्यूट्रोफिल वाढतात. हे न्यूट्रोफिल गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात आणि लिम्फोसाइटना दाबतात. म्हणून न्यूट्रोफिल जास्त व लिम्फोसाइट कमी असलेल्या रुग्णांच्या गटात रोग लवकर परतल्याचे आणि आयुष्य तुलनेने कमी ठरल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. हे निष्कर्ष खरे आहेत आणि ते मी नाकारत नाही.

अडचण मर्यादेच्या आकड्याची आहे. कोणत्या अभ्यासाने ती २ च्या जवळ धरली, कोणी ३, कोणी ५. बऱ्याचदा संशोधकांनी आपल्याच रुग्णांची माहिती हाती आल्यावर, जिथे फरक सर्वांत ठळक दिसतो तिथे रेघ ओढली आहे. यातले बहुसंख्य अभ्यास चीन आणि जपानमधल्या रुग्णालयांतले आहेत. शिवाय गाठ मोठी असली की दाह जास्त असतो, त्यामुळे आकड्याने सांगितलेल्या वाईट बातमीचा काही भाग मुळात गाठीच्या आकाराचाच असतो. जिल्ह्यात यंदा पाऊस कमी राहील असा अंदाज बरोबर ठरला तरी तुमच्या शिवारात पऱ्हाटी तरारलेली असू शकते आणि धुऱ्यापलीकडच्याची वाळलेली. गटाच्या सरासरीवरून एका माणसाची वर्षे मोजता येत नाहीत ती याच कारणाने.

तुमच्या बाबांच्या कागदांत आणखी एक गोष्ट आहे, जी मला या भागाकारापेक्षा महत्त्वाची वाटते. ऑपरेशनपूर्वी त्यांचे प्लेटलेट १ लाख १२ हजार होते. दाहाचे आणखी दोन निर्देशांक प्लेटलेटवर बेतलेले आहेत. एकात प्लेटलेटना लिम्फोसाइटच्या संख्येने भागतात. बाबांच्या ६,४०० पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट सुमारे १,६६४ होतात आणि उत्तर ६७ येते, जे त्या निर्देशांकाच्या हिशेबाने चांगले. दुसरा निर्देशांक शांघायच्या शल्यचिकित्सकांनी २०१४ मध्ये यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरूनच मांडला. त्यात हजारांत मोजलेल्या प्लेटलेटना न्यूट्रोफिल व लिम्फोसाइटच्या भागाकाराने गुणतात आणि त्यांनी मर्यादा ३३० धरली होती. बाबांचे उत्तर २७१ च्या आसपास, म्हणजे तेही चांगले. पण प्लेटलेट कमी का आहेत, हे कोणी विचारले? यकृत निबर होऊन सिरोसिस झाला की रक्ताला यकृतातून वाट मिळत नाही, प्लीहा (गावाकडे जिला पानथरी म्हणतात) फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते. म्हणजे जी खूण उरलेले यकृत अशक्त असल्याचा इशारा देते, तीच या गणितात घातली की निकाल गोजिरा दिसतो. ज्याला फक्त शेवटचा आकडा वाचायची सवय लागली, त्याच्या नजरेतून ही खूण सुटते.

अल्ब्युमिन (रक्तातले एक मुख्य प्रथिन) आणि सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारे प्रथिन) यांचेही तसेच आहे. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी गुणांकन मांडले, त्यात सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमहून जास्त असेल तर एक गुण आणि अल्ब्युमिन ३.५ हून कमी असेल तर एक गुण; दोन्ही असल्यास स्थिती वाईट समजायची. परंतु हे दोन्ही पदार्थ यकृतच तयार करते. खंगलेल्या यकृतात अल्ब्युमिन दाहामुळे कमी आहे की यकृताला ते बनवता येत नाही म्हणून कमी आहे, की माणूस महिनाभर पेज पिऊनच राहिला म्हणून, हे एकट्या आकड्यावरून उलगडत नाही. तुमच्या बाबांचे अल्ब्युमिन ३.६ होते. ते टिकवणे तुमच्या हातात बऱ्याच अंशी आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाला वरण, डाळ आणि अंडे बंद करून फक्त ताक-भातावर ठेवण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे ती कृपा करून मोडा. आहार किती आणि मीठ किती, हे तेवढे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता पुढची माहिती खरोखर कुठून मिळेल ते सांगतो. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, ज्याला लोक बायोप्सी रिपोर्ट म्हणतात, तुमच्या फाइलमध्ये नाही. तो बाबांना रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर तयार झाला असेल, मागून घ्या. गाठ किती सेंटिमीटरची होती, एकच होती की अनेक, कापलेल्या कडेपर्यंत रोग पोहोचला होता का आणि बारीक रक्तवाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी शिरल्या होत्या का, ही चार उत्तरे दाहाच्या कोणत्याही निर्देशांकापेक्षा वजनदार आहेत. गाठ लवकर सापडली आणि यकृताची ताकद शिल्लक असली, तर ऑपरेशननंतर निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षे ओलांडतात. त्याच वेळी पाच वर्षांत रोग पुन्हा दिसण्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाते, हेही लपवून उपयोग नाही. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपीची (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी ठरलेल्या दिवशी झाली पाहिजे. परतलेली गाठ लहान असताना सापडली, तर तिच्यावरही उपचार करता येतात.

हिपॅटायटिस बी चे औषध एक दिवसही चुकवू नका. ऑपरेशननंतर विषाणू दाबून ठेवला तर रोग परतण्याची शक्यता कमी होते, हे चांगले सिद्ध झालेले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ही तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. तुमची आई, तुम्ही आणि तुमची बहीण, सगळ्यांनी हिपॅटायटिस बी ची तपासणी करून घ्यावी आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लस घ्यावी. एका ताटात जेवल्याने किंवा जवळ बसल्याने हा रोग पसरत नाही, त्यामुळे बाबांचे ताट वेगळे करू नका. लग्नाची तारीख मुलीच्या आणि घराच्या सोयीने ठरवा. या भागाकारासाठी जमीन विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खर्चाची ओढाताण असेल तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून काय मिळते ते विचारा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना सिकलसेलचा आजार (एसएस) आहे. लहानपणी अनेकदा रक्त चढवले, पुढे हिपॅटायटिस सी निघाला आणि मागच्या वर्षी यकृतावरच्या लहान गाठीचे ऑपरेशन झाले. त्यांच्या पांढऱ्या पेशी कायम १४-१५ हजार असतात आणि सीआरपीही वाढलेला येतो. दर वेळी वाटते, कॅन्सर परत आला. सर, आम्ही काय समजावे?
— एक भगिनी, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत दाहाचे सर्वसाधारण मोजमाप लावणेच चुकीचे ठरेल. सिकलसेलच्या आजारात रक्तपेशी सतत फुटत असतात आणि शरीर कायम थोड्याफार दाहात असते, त्यामुळे तब्येत बरी असतानाही पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. प्लीहा लहानपणीच निकामी झालेली असली तर प्लेटलेटही जास्त दिसतात. कधी कधी कच्च्या लाल पेशींना मशीन पांढऱ्या पेशी समजून मोजते, तेव्हा स्लाइड पाहणाऱ्या डॉक्टरांना आकडा दुरुस्त करावा लागतो. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू असतील तर न्यूट्रोफिल कमी होतात आणि भागाकार सुधारल्यासारखा दिसतो, त्याचा कर्करोगाशी काही संबंध नसतो. बिलिरुबिनही पेशी फुटल्यामुळे वाढते. डोळे पिवळे दिसले म्हणजे यकृत गेलेच असे समजू नका, पण त्यातले कोणते बिलिरुबिन वाढले आहे ते तपासून घ्या.

माझी सूचना अशी की दुखणे नाही, ताप नाही, अशा चांगल्या दिवशीचा एक रिपोर्ट सिकलसेलच्या कार्डासोबत कायम जपून ठेवावा. पुढचा प्रत्येक रिपोर्ट इतरांशी न जुळवता त्याच्याशी जुळवावा. रोग परतला का, याचे उत्तर मात्र सीटी किंवा एमआरआय आणि एएफपीनेच मिळेल. सीटीला जाताना आजार आधी सांगा आणि अंगात पाणी कमी पडू देऊ नका, नाहीतर तिथेच दुखण्याचा झटका येऊ शकतो. हिपॅटायटिस सी चा उपचार पूर्ण झाला का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तो गोळ्यांनी साधारण तीन महिन्यांत बरा होऊ शकणारा आजार आहे. राहिला असेल तर पुढच्या भेटीत तोच विषय प्रथम काढा.

प्रश्न : दाह कमी करण्यासाठी गुळवेलीचा काढा आणि हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर सीआरपी खाली येईल का? एका नातेवाइकाने रोज ॲस्पिरिनची अर्धी गोळीही सुचवली आहे.
— एक वाचक, कारंजा, जि. वाशीम

उत्तर : तिन्ही गोष्टी आज थांबवा. गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. भाजीत चिमूटभर घालतो ती हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला तिचा अर्क वेगळा. अशा अर्काने यकृताला सूज आल्याची उदाहरणे आहेत. सिरोसिस असलेल्या माणसाच्या अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असू शकतात, तिथे ॲस्पिरिनने रक्तस्राव झाला तर तालुक्याच्या गावाहून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्याइतकाही वेळ मिळत नाही. मुळात औषधाने हा आकडा खाली आणल्यास यकृताच्या ऑपरेशननंतरचे आयुष्य वाढते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. दात किडलेला असेल, पायाची जखम चिघळलेली असेल, लघवीत जंतू असतील, तर त्यांचा उपचार करा. त्याने दाहही उतरेल. दारू, मग ती मोहाची असो वा बाटलीतली, पूर्ण बंद. खर्राही सोडा.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे थ्री-पार्ट मशीन आहे. सीबीसीच्या रिपोर्टावर हा भागाकार छापून द्यावा, अशी मागणी येऊ लागली आहे. सल्ला द्यावा.
— एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : तुम्ही छापण्याआधी विचारलेत, याचे मला मनापासून समाधान वाटते. थ्री-पार्ट मशीन लिम्फोसाइट, मधल्या आकाराच्या पेशी आणि दाणेदार पेशी असे तीनच गट पाडते. काही मशीनमध्ये दाणेदार पेशींच्या गटात न्यूट्रोफिलबरोबर इओसिनोफिल (ॲलर्जीत आणि जंतांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) हेही येतात. पावसाळ्यानंतर आपल्या भागातल्या रक्तांत, जंतांमुळे म्हणा किंवा ॲलर्जीमुळे, इओसिनोफिल दहा-बारा टक्के सापडणे नवलाचे नाही. ते न्यूट्रोफिलमध्ये मोजले गेले तर भागाकार विनाकारण फुगतो. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाची स्लाइड स्वतः पाहून पेशी मोजाव्यात. प्लेटलेट अचानक कमी आले तर त्यांच्या गुठळ्या झाल्या आहेत का, तेही स्लाइडवरच दिसते. गावोगावच्या कलेक्शन सेंटरवरून दुपारच्या उन्हात एसटीने आलेल्या नमुन्यावर रक्त काढल्याची वेळ नसेल, तर तो नमुना या कामाचा नाही.

भागाकार छापू नका. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट आणि प्लेटलेट यांची प्रत्यक्ष संख्या छापा. ज्या डॉक्टरांना हवा ते भागाकार काढतील. रक्त घेताना एक प्रश्न मात्र जरूर विचारा : गेल्या आठवड्यात गुडघेदुखीसाठी, दम्यासाठी किंवा तापात एखादे इंजेक्शन घेतले होते का? ते बऱ्याचदा स्टिरॉइडचे असते आणि त्याने काही तासांतच न्यूट्रोफिल वाढून लिम्फोसाइट घटतात. उत्तर ‘हो’ आले तर रिपोर्टाच्या कोपऱ्यात तशी नोंद करा.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाचे ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले. आमच्याकडे तो आकडा १.८ आला आहे, म्हणजे चांगला. सध्या धानाची कापणी आणि मळणी सुरू आहे, हाती पैसा नाही. नागपूरला जाऊन सीटी करणे या वेळी टाळले तर चालेल का?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : चालणार नाही. रोग परत येण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो आणि तुमचे भाऊ त्याच काळात आहेत. दोन सेंटिमीटरची नवी गाठ रक्तातला हा भागाकार तसूभरही न हलवता वाढत राहू शकते. बऱ्याच जणांचा एएफपीदेखील साधाच राहतो. मळणीसाठी फार तर आठवडाभर पुढे-मागे करा आणि तसे रुग्णालयाला कळवा. मधल्या एखाद्या खेपेला जवळच्या रुग्णालयात सोनोग्राफी व एएफपी करून भागेल का, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, कारण गाठ यकृताच्या कोणत्या भागात होती यावर ते अवलंबून आहे. सीटीला जाताना केवळ कागदी रिपोर्ट नेऊ नका, मागच्या वेळची सीडी सोबत न्या. जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवून पाहिली तरच शंकेचा ठिपका नवा आहे की ऑपरेशनचा व्रण आहे, हे ठरवता येते.